कोलोरॅडोत जीप टूर: आई-नानांना १३ हजार फुटांवर न्यावं का?

भाजणी (१४ जून, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, आई-नाना मे महिन्यात आलेत ते ऑक्टोबरपर्यंत आहेत. एस्टेस पार्क झालं, मॉल झाले, देवळात जाऊन झालं, आता नाना रोज सकाळी खिडकीत उभे राहून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजतात. तर जुलैत चार दिवस औरेला जायचं ठरतंय. तिथून दिवसभराची गाइडसकट जीप टूर असते, इमोजीन पास चढून पलीकडे टेलुराइडला उतरायचं, जेवायचं आणि दुसऱ्या खिंडीने परत. उंची १३,११४ फूट!! नाना ७१, कराड डेपोला एसटी ड्रायव्हर होते, तब्येत ठणठणीत. आई ६६, बीपीची गोळी चालू, एक गुडघा कुरकुरतो. शिवाय नवरा म्हणतोय गाइड कशाला, आपली एसयूव्ही आहे की ऑल व्हील ड्राइव्ह, मीच नेतो. कोणी गेलंय का? न्यावं का? आणि आईचा पहिला प्रश्न, बाथरूमचं काय?

खडूस_आजोबा (१४ जून, रात्री १०:०५)
औरे नव्हे, युरे. उच्चारात जोर शेवटच्या अक्षरावर. इथल्या मूळ रहिवासी उट जमातीचा जो प्रमुख होता त्याचं नाव गावाला दिलंय. १८७३ च्या ब्रूनो कराराने हे सगळे सॅन वान डोंगर त्यांच्याकडून काढून घेतले आणि १८८१ मध्ये त्या लोकांनाच हाकलून दिलं, नाव तेवढं ठेवलं. चालू द्या.

लो_रेंज (१४ जून, रात्री ११:२०)
ताई, नवऱ्याला सांगा की ऑल व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. मी दरवर्षी तिकडे जातो, माझी स्वतःची रँग्लर जीप आहे, तरी पहिल्या वर्षी मी गाइडच्या गाडीत बसून रस्ता बघितला आणि मगच स्वतः गेलो. तुमच्या गाडीत लो रेंज, म्हणजे गाडी हळू पण जोरात ओढणारा जादा गिअर, नसणार, म्हणजे चढताना इंजिनचा जीव जातो आणि उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो. लो रेंजमध्ये रँग्लरसारख्या गाडीत चाकं नेहमीपेक्षा २.७२ पट हळू फिरतात, त्यातलंच रुबिकॉन मॉडेल असेल तर ४ पट, मग ब्रेकला पाय न लावता गाडी मुंगीसारखी उतरते. शिवाय विना टर्बो इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते, खिंडीत पोचेपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त गायब. आणि खालून दगड लागला तर टो करून आणायचा खर्च विचारूच नका.

एअरपोर्टवरून भाड्याने घेतलेली गाडी असेल तर विषयच संपला, करारातच लिहिलेलं असतं की कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही. युरे गावात खास ह्या रस्त्यांसाठी जीप भाड्याने मिळतात, पण त्यांच्याही यादीत काही खिंडींवर फुली असते.

घाटमाथा (१५ जून, सकाळी ८:१५, पुणे)
मला हे गाइड प्रकरण कळत नाही राव. आम्ही इकडे मुळशी-मावळात पावसाळ्यात थार घेऊन जातो, गुडघाभर चिखल, विंच (तार गुंडाळून ओढायचं यंत्र) लावून एकमेकांना ओढून काढायचं, त्यातच तर मजा आहे. दुसरा चालवणार आणि आपण मागे बसून फोटो काढणार, ह्याला ऑफरोडिंग म्हणायचं? हे म्हणजे दुसऱ्याने जेवायचं आणि आपण ढेकर द्यायचा.

लो_रेंज (१५ जून, सकाळी ८:५०)
@घाटमाथा दादा, चिखलात फसलात तर तिथेच बसून राहता, फार तर कपडे खराब होतात. इथे फसायचं कारण नसतं, इथे घसरायचं कारण असतं. कठडा नाही, एका बाजूला भिंत, दुसरीकडे काहीच नाही आणि समोरून गाडी. आणि हो, तुमच्याकडेही पहिल्यांदा येणाऱ्याला ताफ्यात मध्ये ठेवून पुढे जाणती गाडी लावतातच ना? तोच गाइड.

घाटमाथा (१५ जून, सकाळी ९:०२)
बरं. तो मुद्दा मान्य. थार मात्र चढली असती 😄

अडगुलं_मडगुलं (१५ जून, दुपारी १:३०)
मी नर्स आहे, युटामध्ये. ताई, डॉक्टरांशी बोला हे पहिलं, मी इथून बीपी बघू शकत नाही. पण एक दिलासा देते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि कळसूबाई साधारण ५,४०० फूट, म्हणजे आई-नाना मे महिन्यापासून जवळजवळ कळसूबाईच्या शिखरावर राहून पोळ्या खातायत, शरीराला थोडी सवय झालीय. युरे ७,८०० च्या आसपास, तिथे दोन रात्री झोपा आणि मगच टूर घ्या, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. खिंडीत हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ६० टक्के, त्यामुळे चार पावलं चाललं तरी धाप लागणार, ते नॉर्मल. पण डोकं ठणकणं, उलटी, बडबड असंबद्ध होणं, तोल जाणं असं काही दिसलं तर फोटोबिटो सोडून खाली उतरायचं. टूरमध्ये वर फार वेळ थांबत नाहीत हे बरंच आहे. पाणी पाजत राहा. गॅस स्टेशनवर ऑक्सिजनचे डबे विकतात त्यावर पैसे घालवू नका, चार फुस्स आणि संपला.

आणि वय बघून कोणाला त्रास होईल हे ठरत नाही, हे लिहून ठेवा. तरणेताठे आधी आडवे होतात कधीकधी.

चकली (१५ जून, संध्या. ६:१०)
आम्ही मागच्या वर्षी गेलेलो, कंपनीचं नाव घेत नाही. पिकअपच्या मागे बाकं बसवलेली उघडी गाडी असते. आम्हाला शेवटचं बाक मिळालं, बरोब्बर मागच्या एक्सलवर, दिवसभर पॉपकॉर्नसारखे उडत होतो, सासूबाईंची कंबर आठ दिवस धरलेली. बुकिंग करतानाच सांगा की वयस्कर माणसं आहेत, पुढे बसवा. आम्ही सांगितलं होतं, पण त्यांनी लिहूनच ठेवलं नव्हतं, तेव्हा सकाळी परत सांगा. धुळीसाठी ओढणी. जुलै असला तरी स्वेटर, कानटोपी, रेनकोट. दुपारी गारा पडल्या आमच्यावर, वाटाण्याएवढ्या. बाथरूम निघताना गावात, मग वाटेतल्या यांकी बॉय बेसिन ह्या खोऱ्यात गेलात तर तिथे, नाहीतर थेट टेलुराइड.

भाजणी (१५ जून, रात्री ९:०० )
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय. नवरा रुसलाय पण गाइडवालीच टूर बुक केली. नानांना अजून नीट सांगितलेलं नाही, नुसतं घाट बघायला जायचंय म्हटलंय.

खडूस_आजोबा (१५ जून, रात्री ९:२५)
वाटेत कॅम्प बर्ड नावाची खाण लागेल. आल्यावर वृत्तांत लिहा, मग एक गंमत सांगतो. आत्ता नाही.

—

भाजणी (२७ जुलै, रात्री ८:३०)
आलो! वृत्तांत मोठा आहे, चहा घेऊन बसा.

युरे म्हणजे तिन्ही बाजूंनी उभे डोंगर आणि मध्ये द्रोणात ठेवल्यासारखं गाव. त्याला अमेरिकेचं स्वित्झर्लंड म्हणतात, नाना म्हणाले पाचगणीचं ठीक होतं की नाव द्यायला. दोन रात्री राहिलो, गरम पाण्याच्या कुंडात आईने पाय सोडले, गुडघा खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालो. गाइड पन्नाशीचा, दाढीवाला, हिवाळ्यात स्नो प्लाव, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी, चालवतो म्हणे. मी आईसाठी पुढची सीट मागून ठेवली होती, पण आईने खिडकीतून एकदा बघितलं आणि म्हणाली मला दरी सगळ्यात आधी दिसायला नको, मी मधल्या बाकावर बसते देवाचं नाव घेत. मग पुढे बसले नाना.

आता इथेच सगळी गंमत. अमेरिकेत पुढची पॅसेंजर सीट उजवीकडे. नानांनी बत्तीस वर्षं उजवीकडे बसून गाडी चालवलीय, कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट, रात्रीची ड्यूटी, धुक्याची ड्यूटी. तर नाना बसले उजवीकडे, पायाखाली पेडल नाही आणि हातात स्टिअरिंग नाही. दिवसभर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर होता, संध्याकाळी पोटरी दुखत होती म्हणून आयोडेक्स चोळावं लागलं 😂

गाव सोडल्यावर लगेच कॅम्प बर्डचा रस्ता डोंगरात कोरलाय, एका ठिकाणी कडाच डोक्यावर आलाय छपरासारखा आणि खाली खोल घळ. तिथून गाइडने थांबून टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरतो आणि दगडाला चिकटून चालतो. नाना मला म्हणाले, "आरं, आम्ही जन्मभर हवा भरत आलो आन् हा काढतोय." मग त्याने बटण फिरवून फोर-लो, म्हणजे तीच लो रेंज, लावलं. नानांनी वाकून खाली बघितलं. "क्लच कुठाय ह्याचा?" मी म्हटलं नाना ऑटोमॅटिक आहे. नाना बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं आता टूर फुकट गेली.

खाणीपाशी डावीकडे वळलो आणि मग खरा रस्ता सुरू. रस्ता कसला, ओढ्याचं पात्र. एक ओढा तर पाण्यातूनच ओलांडला. झाडं संपली, आणि नुसती हिरवळ, त्यात निळी-पांढरी कोलंबाइनची फुलं, बर्फाचे राहिलेले तुकडे, शिट्टी मारणारे मार्मोट (मोठ्या खारीसारखे प्राणी). चिवड्याचं पाकीट फुगून उशीएवढं झालं होतं, मुलाने ते फोडलं तेव्हा आईला वाटलं टायर गेला.

एका नागमोडी वळणावर समोरून दोन भाड्याच्या जीपा उतरत आल्या. नियम असा की चढणाऱ्याला आधी वाट. पण पहिल्या जीपमधल्या माणसाचे हात थरथरत होते, त्याला रिव्हर्स घेऊन वर जाणं जमणारच नव्हतं. गाइड उतरला, त्याच्याशी दोन शब्द शांतपणे बोलला, परत आला आणि म्हणाला मीच मागे घेतो, थोडं खाली रुंद जागा आहे. सगळे चिडीचूप. नवरा, जो स्वतः चालवणार होता, डोळे मिटून बसलेला. आणि नानांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, मागे बघितलं, आणि दारावर थापा मारायला लागले. "येऊं द्या... येऊं द्या... येऊं द्या..." आणि मग एकच जोरात थाप. टण. गाइडने ब्रेक मारला. मराठीचं अक्षर कळत नाही त्याला, पण थाप कळली. त्याने आरशात बघितलं, मग उतरून मागचं चाक बघून आला, आणि नानांकडे बघून अंगठा वर केला. जीपा निघून गेल्यावर नानांनी दारावर दोनदा थाप मारली. डबल बेल! मी त्याला समजावून सांगितलं, की आमच्याकडे कंडक्टर एक घंटा देतो तेव्हा थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. त्यानंतर दिवसभर प्रत्येक थांब्यावरून निघताना तो नानांकडे बघायचा आणि डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायचा नाही.

खिंडीत वारा असा की बोलता येईना. १३,११४ ची पाटी आहे, तिथे फोटो. बाजूच्या धारेवर फोर्ट पीबडी म्हणून दगडांची खोपटी आहे. १९०४ मध्ये टेलुराइडच्या खाणकामगारांचा संप मोडताना हाकलून दिलेले युनियनवाले खिंडीतून परत येऊ नयेत म्हणून तिथे शिपाई बसवले होते म्हणे. त्या वाऱ्यात रात्रभर! आई गाडीतून उतरली, चार पावलं टाकली, थांबली, श्वास घेतला, परत चार पावलं. काही झालं नाही तिला. उलटी कोणाला झाली तर माझ्या नवऱ्याला. @अडगुलं_मडगुलं तुझं वाक्य त्याला वाचून दाखवलं.

पलीकडे उतरताना टॉमबॉय खाणीचे अवशेष लागतात. साडेअकरा हजार फुटांवर शेकडो लोक राहायचे, टेनिस कोर्ट होतं, बोलिंग होतं, आता कुजलेल्या फळ्या आणि गंजलेले पाइप. तिथे नाना पहिल्यांदा खुलून बोलले, कारण गाइडने उतारावर एकदाही ब्रेक दाबून धरला नव्हता, गाडी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत उतरत होती. "ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरतोय. शिकिवलंय कुणीतरी नीट." पुढे एका जीपमागे जळका वास आला तेव्हा नाना आणि गाइड एकाच वेळी नाक मुरडून एकमेकांकडे बघायला लागले. नाना म्हणाले "ब्रेकची लायनर गेली", तो इंग्रजीत तेच म्हणाला.

टेलुराइडमध्ये जेवलो. फार महाग गाव आहे, एका सूपच्या किमतीत कराडला घरचं सगळ्यांचं जेवण होईल. परतीला ओफीर पास, उंची कमी, ११,७८९, पण पश्चिमेकडची वाट म्हणजे नुसत्या निसटत्या दगडांच्या उतारावर आखलेली रेघ. मला तिथे जास्त भीती वाटली. मग हायवे लागला, ५५० नंबरचा, आणि चारच्या सुमारास विजा सुरू झाल्या तेव्हा आम्ही खाली होतो. सकाळी लवकर का काढतात ते कळलं.

टिप देताना नवऱ्याने पाकीट काढलं तेवढ्यात नाना पुढे झाले आणि खिशातून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून त्याच्या हातात ठेवला. (टिपही दिली, काळजी नको.)

चकली (२७ जुलै, रात्री ९:०५)
कित्ती छान लिहिलंयस गं. मला आमचं शेवटचं बाक परत आठवलं आणि परत राग आला.

घाटमाथा (२८ जुलै, सकाळी ७:४०)
नानांना पुण्यात आले की कळवा. आमच्या ताफ्यात मागून रिव्हर्स सांगायला माणूस हवाय, जो आहे तो "हां हां हां" म्हणत राहतो आणि धडकल्यावर "बास" म्हणतो.

लो_रेंज (२८ जुलै, सकाळी ९:१५)
मस्त. एक भर घालतो. ५५० वर सिल्व्हरटनकडून युरेला येताना तुम्ही डोंगराच्या बाजूच्या लेनमध्ये असता, उलट जाताना दरीच्या कडेला. ज्यांना चक्कर येते त्यांनी फेरी ह्याच दिशेने करावी. तिथे कठडे का नाहीत असं सगळे विचारतात, तर हिवाळ्यात बर्फ ढकलायला जागा लागते. तुमच्या गाइडला विचारलं असतं तर तासभर बोलला असता.

खडूस_आजोबा (२८ जुलै, सकाळी ११:३०)
आता गंमत. कॅम्प बर्ड खाणीत टॉमस वॉल्शला १८९६ मध्ये सोनं सापडलं, १९०२ मध्ये त्याने खाण पन्नास लाख डॉलरांहून जास्तीला विकली. त्याची मुलगी इव्हलिन. तिने आणि तिच्या नवऱ्याने १९११ मध्ये कार्तिए ह्या जवाहिऱ्याकडून होप हिरा घेतला, निळा, ४५.५२ कॅरट, आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो हिरा मूळचा आपला, कोल्लूरच्या खाणीतला मानतात. आणि कोल्लूर कुठे? आंध्रात, कृष्णेच्या काठी. तुमच्या नानांच्या कराडवरून जी वाहते तीच कृष्णा. तेव्हा त्या घळीतून जाताना नाना अगदीच परक्या मुलखात नव्हते.

दुसरं, तुम्ही ओफीरकडे वळलात तिथेच जवळ खाली एम्सचं वीजघर आहे. १८९१ मध्ये तिथून एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाची) वीज तारेने काही मैल वर गोल्ड किंग खाणीला नेली, उद्योगासाठी एसी वीज लांब नेण्याची जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ते एक. मी वीज मंडळात होतो म्हणून सांगतो, कोयनेची वीज मुंबईला जाते त्याची ही पणजी.

चकली (२८ जुलै, दुपारी १२:१०)
गोल्ड किंग म्हणजे ती २०१५ ला फुटली आणि नदी केशरी झाली तीच ना?

खडूस_आजोबा (२८ जुलै, दुपारी १२:१८)
नाही. ती सिल्व्हरटनच्या वरची, ॲनिमस नदी रंगवली ती. नाव एक, खाणी दोन. सोन्याला राजा म्हणण्यापलीकडे कोणाला काही सुचत नसावं.

भाजणी (२८ जुलै, रात्री ८:००)
आजोबा, नानांना वाचून दाखवलं. हिऱ्याचं ऐकून म्हणाले "कृष्णेतनं काय काय वाहून गेलं आपल्याला पत्त्या न्हाई." कोयनेचं ऐकून मात्र उठून बसले, आणि कुंभार्लीच्या वरून धरणाचे दिवे कसे दिसायचे ते तासभर सांगत होते. आता म्हणतायत परत जाऊ, ह्या वेळी मागे बसतो, पुढे बसून पाय दुखतो.

पिठलंभात (३० ऑगस्ट, सकाळी १०:४५)
धागा वर काढतेय. आम्ही सप्टेंबरमध्ये जायचं म्हणतोय, सासरे ७४ आहेत. इमोजीन उघडा असतो का?

लो_रेंज (३० ऑगस्ट, सकाळी ११:३०)
साधारण जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला उघडतो आणि पहिला मोठा बर्फ पडला की बंद, त्यामुळे सप्टेंबरला बहुधा मिळतो पण टूरवाल्यांना फोन करून खात्री करा. लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतरचा शनिवार टाळा, त्या दिवशी युरे ते टेलुराइड खिंडीवरून पळायची शर्यत असते, १७ मैल, १९७४ पासून चालू आहे. पळतात लोक तिथे, हो. अखेरच्या आठवड्यात गेलात तर ॲस्पेनच्या झाडांची पानं पिवळीधमक झालेली असतात. फुलं नसतील.

चकली (३० ऑगस्ट, सकाळी ११:४२)
आणि शेवटचं बाक घेऊ नका.